वॅट म्हणजे खर्च, ल्युमेन म्हणजे उजेड

चतुर्थी जवळ आली की बाजारातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गर्दी होते, आणि जो तो आकडा सांगूनच बल्ब मागतो. "काका, दोन नऊचे द्या." पूर्वी साठचा किंवा शंभरचा मागायचे, आता नऊचा. हा आकडा वॅटचा. बल्ब वीज किती खातो, एवढंच तो सांगतो. उजेड किती पडेल ते ल्युमेन सांगतात. एक मेणबत्ती साधारण 12 ल्युमेन उजेड देते, यावरून अंदाज घ्या.

जुन्या पिवळ्या बल्बच्या काळात वॅटवर भागत होतं, कारण सगळे बल्ब एकाच जातीचे. टंगस्टनची तार तापवायची, नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत घालवायची आणि उरलेल्यातून उजेड मिळवायचा. त्यामुळे 60 वॅट म्हणजे साधारण 700 ल्युमेन, 100 वॅट म्हणजे 1300च्या आसपास, हे ठरलेलं असायचं. तेव्हाही फसवणारं एक नाव होतंच. देवघरात रात्रभर जळणारा तो झिरोचा बल्ब शून्य नाही, चांगली 15 वॅटपर्यंत वीज घ्यायचा.

एलईडी आले आणि हे ठरलेलं गणित मोडलं. 2015 साली सुरू झालेल्या सरकारच्या उजाला योजनेत आधी 7 वॅटचे, मग 9 वॅटचे बल्ब घरोघरी पोचले, आणि साठच्या जागी नऊचा हे समीकरण लोकांच्या डोक्यात बसलं. ढोबळमानाने ते बरोबर आहे. पण सगळे नऊचे सारखे नसतात. परवा मी दुकानात दोन खोकी शेजारी ठेवून पाहिली. दोन्हींवर पुढे ठळक अक्षरात 9 वॅट. मागे मुंगीएवढ्या अक्षरात एकावर 810 ल्युमेन, दुसऱ्यावर 990. म्हणजे बिल सारखंच, पण दुसऱ्याचा उजेड जवळजवळ पावपट जास्त. ल्युमेनला वॅटने भागलं की बल्बचा खरा गुण कळतो: पहिला वॅटमागे 90 देतो, दुसरा 110. खोक्यावरच्या ताऱ्यांच्या पट्टीचा आधारही हाच भागाकार आहे.

वॅट बघूच नये असं मी म्हणत नाही. बिलासाठी तोच लागतो. रोज पाच तास जळणारा साठचा बल्ब महिन्याला 9 युनिट घेतो, नऊचा 1.35. पण दुकानात पहिला प्रश्न ल्युमेनचा विचारावा, मग वॅटचा.

केल्विनचा आकडा रंगाचा असतो, तो उजेडात धरू नका. 6500चा पांढरा प्रकाश डोळ्याला जास्त भासतो, एवढंच. पडवीत मात्र मी 2700चा पिवळाच लावतो. पावसाळ्यात त्याच्यावर किडे कमी येतात.

आता आपल्या घरांचं. खोक्यावरचे ल्युमेन बल्बातून बाहेर पडतात, ते सगळे कामाच्या जागी पोचत नाहीत. शहरातल्या फ्लॅटचं पांढरं छत आणि पांढऱ्या भिंती बराचसा उजेड खोलीत परत टाकतात. आपल्याकडे कोकणातल्या जुन्या घरात वर धुराने काळे पडलेले वासे नि कौलं, बाजूला गिलावा नसलेला जांभा, खाली शेणाने सारवलेली जमीन. हे सगळं उजेड गिळतं. त्यात होल्डर वाशाला, दहा फुटांवर. म्हणून अशा घरात फ्लॅटच्या हिशोबाने बल्ब घेतला तर तो कमीच पडणार. मी दीडपट ल्युमेन धरतो.

तेवढ्यानेही भागेलच असं नाही, हे आईच्या स्वयंपाकघरात कळलं. नऊचा काढून मी 14 वॅटचा, 1400 ल्युमेनचा बल्ब लावून दिला. संध्याकाळी आई विळीवर बांगडे साफ करायला बसली आणि हाक आली, "उजेड खंय गेलो रे?" वर बघितलं तर बल्ब लखलखत होता, पण नऊ फूट खाली तिच्या हातावर पाठीची सावली आणि मंद उजेड. अंतर दुप्पट झालं की थेट पडणारा उजेड चौथाईवर येतो.

दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून तिच्या बसायच्या जागेसमोर भिंतीला, जमिनीपासून सहा फुटांवर होल्डर बसवून घेतला. त्यात जुनाच नऊचा, 900 ल्युमेनचा बल्ब. हातापासूनचं अंतर नऊवरून पाचेक फुटांवर आलं, त्यामुळे हिशोबाने वरच्या चौदाच्याच्या साधारण दुप्पट उजेड विळीवर येतो, आणि तो समोरून येत असल्याने सावलीही मागे पडते. बांगड्याचा कल्ला काढताना आता ती चष्मा कपाळावर सरकवत नाही. चौदाचा बल्ब ओटीवर नेलाय. आरतीला वीस माणसं उभी राहतात तिथे तो कामाचा आहे.