आग : उत्पत्ती, प्रसार आणि शमन

इंधनाचा ऑक्सिजनशी वेगाने संयोग होऊन उष्णता व प्रकाश बाहेर पडणे आणि त्याच उष्णतेवर ही क्रिया पुढे चालू राहणे, याला आग म्हणतात. इंधन, हवा व उष्णता यांच्या ‘अग्नित्रिकोणा’ने तिचे वर्णन करण्याचा प्रघात आहे, ज्वाळेत चालणारी मुक्त मूलकांची (अतिशय क्रियाशील अणू-रेणूतुकड्यांची) साखळी विक्रिया हा चौथा घटक त्यात मागाहून जोडला गेला. त्रिकोण पाठ करायला सोपा असला, तरी त्याने सगळा उलगडा होत नाही. कोल्हापूर परिसरातील कोणत्याही गुऱ्हाळावर वाळलेले चिपाड (रस काढून उरलेला उसाचा चोथा), मोकळी हवा आणि धगधगते चुलवाण हंगामभर शेजारीशेजारी असतात, तरी आवाराला रोज आग लागत नाही. पदार्थाला मिळणारी उष्णता त्याच्याकडून निघून जाणाऱ्या उष्णतेपेक्षा अधिक होऊन साठत गेली, तरच तो पेटतो. आगीचे शास्त्र हे मुख्यतः या जमाखर्चाचे शास्त्र आहे.

ज्वाळा ही वायूची असते. लाकूड किंवा चिपाड घनरूपात ज्वाळेने जळत नाही. लाकूड साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापले की त्याचे अपघटन होऊन ज्वलनशील वायू सुटू लागतात, ३०० अंशांच्या आसपास ते जोराने सुटतात, आणि हवेत मिसळलेले हे वायू पेटतात. मागे उरलेला कोळसा ज्वाळेवाचून निखाऱ्याच्या रूपाने धुमसतो. पदार्थ जितका पातळ व कोरडा, तितका तो लवकर तापतो. उसाचा फड पेटला की वाळलेला पाला पाहता पाहता जळून जातो. पण ज्याच्या वजनाचा बराच मोठा भाग पाणीच असतो तो ऊस काळवंडून जागीच उभा राहतो, कारण पाण्याची वाफ होण्यातच बरीचशी उष्णता खर्ची पडते. द्रव इंधनांच्या बाबतीत वाफ किती तापमानाला पुरेशी जमते, हे निर्णायक असते. पेट्रोलची अशी वाफ शून्याखाली सुमारे ४० अंशांनाही जमते, म्हणून सांडलेले पेट्रोल दुरून ठिणगी पकडते. डिझेल मात्र आधी तापवावे लागते. घरगुती गॅस हवेत साधारण २ ते ९ टक्के असतानाच पेटतो, आणि हवेहून जड असल्यामुळे तो जमिनीलगत साठतो.

बाहेरची ठिणगी प्रत्येक वेळी लागतेच असे नाही. ओलसर चिपाडाची किंवा गवताची मोठी गंजी आतून आपोआप तापू शकते. सूक्ष्मजीवांमुळे ती प्रथम ६०–७० अंशांपर्यंत गरम होते. तेथे सूक्ष्मजीव मरतात, परंतु हवेशी होणारी रासायनिक क्रिया तोवर सुरू झालेली असते. गंजी लहान असेल तर ही उष्णता बाहेर निघून जाते. मोठ्या गंजीच्या पोटात ती कोंडते आणि कित्येक दिवसांनी धूर दिसू लागतो. उगीच कोणावर विडी टाकल्याचा संशय घेण्यापूर्वी ही शक्यता तपासून पाहणे बरे.

आगीचा प्रसार वहन (पदार्थातून), अभिसरण (गरम हवेच्या प्रवाहातून) आणि प्रारण (उष्णतेच्या किरणांवाटे) या तीन मार्गांनी होतो. पन्हाळा, मसाई पठार किंवा राधानगरीच्या डोंगरउतारांवरील वणवा चढाला वेग घेतो, कारण ज्वाळा वरच्या गवताकडे झुकून ते पेटण्याआधीच वाळवतात. उतार दर १० अंशांनी वाढला की वेग सुमारे दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. गवत काढून आखलेल्या जाळरेषा या वाटेत इंधनाचा खंड पाडतात. बंदिस्त जागेत परिस्थिती वेगळी असते. गरम धूर छताखाली साठतो आणि त्याचे तापमान ५०० ते ६०० अंशांवर गेले की त्याच्या प्रारणाने खालच्या सगळ्या वस्तू जवळजवळ एकाच वेळी पेट घेतात. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. पडदे, लाकूड आणि गादीच्या खुर्च्या असलेली नाट्यगृहे म्हणूनच जोखमीची मानली जातात. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेले आणि पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले गेलेले कोल्हापूरचे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीत जळाले.

आग विझवणे म्हणजे हाच जमाखर्च उलटा करणे. पाणी यात श्रेष्ठ ठरते ते त्याच्या थंडाव्यामुळे नव्हे, तर त्याची वाफ होण्यामुळे. १ किलो पाणी ३० वरून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे २९० किलोज्यूल उष्णता लागते, तर तेवढ्याच उकळत्या पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२५७ किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ आठपट. त्यामुळे बारीक फवारा पुष्कळदा जाड धारेपेक्षा अधिक उष्णता शोषतो. परंतु वाफ होताना पाणी सुमारे १,७०० पट फुगते, आणि हाच गुण इतरत्र घातक ठरतो. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत वितळलेल्या लोखंडाखाली थोडा ओलावा अडकला तरी धातू उसळतो. पेटलेल्या तेलाच्या कढईत पाणी ओतले तर ते तळाशी जाऊन क्षणात वाफ बनते आणि जळते तेल चौफेर उडवते. तेथे गॅस बंद करून झाकण ठेवणे हाच उपाय. मॅग्नेशियमचा चुरा पेटला तर पाण्यातून हायड्रोजन सुटतो, म्हणून त्यावर कोरडी वाळू टाकतात. विजेच्या उपकरणांसाठी, शक्यतो पुरवठा तोडून, कार्बन डायऑक्साइड वापरतात. कोरडी रासायनिक पूड ज्वाळेतील साखळी विक्रिया मोडते.

कार्बन डायऑक्साइड आणि पूड या दोन्हींनी ज्वाळा बसते, निखारा मात्र बसतोच असे नाही. हवेतील ऑक्सिजन २१ वरून सुमारे १५ टक्क्यांवर आला की बहुतेक ज्वाळा विझतात, पण धुमसणे त्याहून कमी ऑक्सिजनवरही चालू राहते. त्यामुळे गंजीची आग विझवायला सर्वांत चिवट असते : वरून मारलेले पाणी बाजूंनी ओघळून जाते आणि पोटातला निखारा तसाच राहतो. ती थराथराने उपसावी लागते, आणि उपसताना आत शिरणाऱ्या हवेने निखारा भडकतो म्हणून प्रत्येक थर उघडण्यापूर्वी पाण्याची नळी तयार ठेवावी लागते.