निविदेआधीच ठरलेले कंत्राटदार: इराकच्या पुनर्बांधणीमागचा इतिहास

मार्च २००३ मध्ये अमेरिकी फौजा इराकमध्ये शिरण्याच्या काही दिवस आधीच तेथील तेलक्षेत्राच्या दुरुस्तीचे काम हॅलिबर्टन समूहातील केलॉग ब्राऊन अँड रूट, म्हणजे केबीआर, या कंपनीला देऊन झाले होते. निविदा निघाली नव्हती, कंत्राट गोपनीय होते आणि त्याची कमाल मर्यादा ७ अब्ज डॉलर होती. तत्कालीन उपाध्यक्ष डिक चेनी १९९५ ते २००० या काळात हॅलिबर्टनचे प्रमुख असल्याने सारी चर्चा त्यांच्याभोवतीच फिरत राहिली. ती अस्थानी नव्हती, पण सत्ता आणि ही कंपनी यांचे नाते चेनींच्या आधीपासूनचे आहे.

केबीआरची पूर्वज ब्राऊन अँड रूट ही १९१९ साली टेक्सासमध्ये सुरू झालेली, मुख्यतः रस्ते बांधणारी कंपनी. १९३० च्या दशकात तिने मार्शल फोर्ड धरणाचे काम घेतले. त्याच्या मंजुरीतील अडथळे दूर करण्यासाठी १९३७ मध्ये नव्याने निवडून आलेले तरुण खासदार लिंडन जॉन्सन यांनी वॉशिंग्टनमध्ये आपले वजन खर्ची घातले. पुढे जॉन्सन यांच्या निवडणुकांना कंपनीचे मालक असलेल्या ब्राऊन बंधूंचा पैसा पुरत राहिला आणि कंपनीला नौदलाच्या तळांची कामे मिळत राहिली. जॉन्सन राष्ट्राध्यक्ष असताना व्हिएतनाममधील बंदरे, धावपट्ट्या आणि छावण्या बांधणाऱ्या चार कंपन्यांच्या गटात ब्राऊन अँड रूट होती. हॅलिबर्टनने तोवर ती विकत घेतली होती. या जवळिकीवर आणि जॉन्सन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या देणगीदारांच्या वर्तुळावर १९६६ मध्ये प्रतिनिधिगृहात जाहीर टीका करणारे रिपब्लिकन सदस्य होते डोनाल्ड रम्सफेल्ड. इराक युद्धात संरक्षणमंत्री हेच होते, ही बाब नोंदवल्याशिवाय पुढे जाववत नाही.

१९९२ मध्ये, चेनी संरक्षणमंत्री असताना, सैन्याच्या रसद आणि निवासाची कामे खाजगी कंपनीकडे कशी सोपवता येतील याचा अभ्यास पेंटॅगॉनने ब्राऊन अँड रूटकडूनच करवून घेतला. त्यासाठी ३९ लाख डॉलर मोजण्यात आले आणि त्याच वर्षी ते कंत्राटही याच कंपनीला मिळाले. दहा वर्षांनी, २००२ च्या अखेरीस, हाच क्रम पुन्हा घडला. इराकच्या तेलक्षेत्रासाठी आपत्कालीन आराखडा तयार करण्याचे सुमारे १९ लाख डॉलरचे काम रसदीच्या चालू कंत्राटाखाली केबीआरला देण्यात आले, आणि आराखडा ज्याने केला त्यालाच तपशील ठाऊक असल्याने प्रत्यक्ष कामासाठीही तीच कंपनी योग्य ठरली. सरकारी खरेदीत खुली स्पर्धा घेण्याचे बंधन घालणारा १९८४ चा कायदा निकड आणि राष्ट्रीय सुरक्षा यांसारखे अपवाद मान्य करतो. संसदेच्या महालेखा कार्यालयाने २००४ मध्ये दिलेला निष्कर्ष म्हणूनच बारकाईने वाचण्यासारखा आहे: स्पर्धेविना दिलेले मोठे कंत्राट कायद्यात बसत होते, पण आराखड्याचे ते छोटे काम रसदीच्या कंत्राटाच्या कक्षेबाहेरचे होते.

लष्कराच्या अभियंता दलातील कंत्राटविषयक सर्वोच्च अधिकारी बनॅटाइन ग्रीनहाऊस यांनी तेलक्षेत्राच्या त्या कंत्राटावर सही करताना सहीशेजारी स्वतःच्या हाताने आक्षेप लिहून ठेवला. स्पर्धेविना दिलेले काम एका वर्षापलीकडे लांबवल्यास मर्यादित स्पर्धाही घेण्याचा सरकारचा इरादा नाही असा समज होईल, असा त्याचा आशय होता. मुदतवाढीच्या तरतुदी धरून कंत्राट पाच वर्षांपर्यंत जाऊ शकत होते. जून २००५ मध्ये त्यांनी याबाबत जाहीर साक्ष दिली आणि ऑगस्टमध्ये त्यांची पदावनती झाली.

कंत्राट झालेला खर्च अधिक ठरावीक टक्के नफा या तत्त्वावर होते: २ टक्के निश्चित आणि कामगिरीनुसार आणखी ५ टक्क्यांपर्यंत. अशा व्यवस्थेत खर्च वाढला तर कंत्राटदाराचे काही बिघडत नाही. कुवेतहून आणलेल्या पेट्रोलसाठी केबीआरने गॅलनमागे २.६४ डॉलर लावल्याचे उघड झाले आणि डिसेंबर २००३ मध्ये पेंटॅगॉनच्याच लेखापरीक्षकांनी सुमारे ६ कोटी १० लाख डॉलर जादा आकारल्याचे म्हटले.

देणग्यांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. सरकारी कंत्राटदारांनी केंद्रीय निवडणुकांत देणगी देण्यास अमेरिकेत १९४० पासून बंदी आहे. पण संचालक, अधिकारी आणि कंपन्यांच्या राजकीय निधी समित्या यांना वाट मोकळी आहे. सेंटर फॉर पब्लिक इंटेग्रिटी या संस्थेने ऑक्टोबर २००३ मध्ये दाखवून दिले की इराक आणि अफगाणिस्तानची कामे मिळालेल्या सत्तरहून अधिक कंपन्या आणि व्यक्तींनी बुश यांच्या प्रचाराला ५ लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली होती. क्लिंटन प्रशासनात सरकारी खरेदीचे धोरण सांभाळलेले स्टीव्हन केल्मन यांनी यावर आक्षेप घेतला: कंत्राटे सेवेतील अधिकारी देतात, मंत्री नव्हे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. अब्जावधींच्या कामांपुढे ५ लाख ही किरकोळ रक्कम आहे आणि देणगीच्या पावतीवर कंत्राट मिळत नाही. मात्र कोणाला आधी बोलवायचे, आराखडा कोणाकडून करवून घ्यायचा, हे ज्या पातळीवर ठरते तेथे वर्षानुवर्षांची ओळख कामी येते आणि देणगी ही त्या ओळखीची चालू ठेवलेली वर्गणी असते.

बेक्टेल या अमेरिकी बांधकाम कंपनीचे उदाहरण मराठी वाचकांना जवळचे वाटेल. एप्रिल २००३ मध्ये मोजक्या कंपन्यांना बोलावून घेतलेल्या स्पर्धेतून तिला वीज, पाणी आणि बंदर यांसाठी ६८ कोटी डॉलरपर्यंतचे काम मिळाले. माजी परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्त्झ तिच्या संचालक मंडळावर होते आणि तेच इराकवरील कारवाईचा पुरस्कार करणाऱ्या समितीच्या सल्लागार मंडळाचे अध्यक्षही होते. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ प्रकल्पात एन्रॉनची भागीदार असलेली बेक्टेल ती हीच, आणि १९९२ मधला त्या प्रकल्पाचा समझोताही निविदेविनाच झाला होता.

केबीआरच्या तेल कंत्राटाचा बराचसा पैसा अमेरिकी तिजोरीतून नव्हे, तर इराकच्या तेलविक्रीतून उभ्या राहिलेल्या विकास निधीतून गेला. लेखापरीक्षकांनी त्यातील सुमारे २६ कोटी ३० लाख डॉलरच्या खर्चावर हरकत घेतली होती. फेब्रुवारी २००६ मध्ये लष्कराने त्यातला जेमतेम १ कोटी डॉलरचा खर्च नाकारून बाकीचा मान्य केला.