लिटल मॉर्टन हॉल: वाकूनही उभे राहिलेले घर

इंग्लंडच्या चेशायर परगण्यातील लिटल मॉर्टन हॉल या घरात सरळ रेषा शोधावी लागते. मॉर्टन या जमीनदार घराण्याने सोळाव्या शतकाच्या आरंभी, पाण्याच्या खंदकाआड, त्याचे बांधकाम सुरू केले आणि पुढील सुमारे शंभर वर्षे ते वाढत राहिले.

घराचा भार भिंतींवर नसून ओकच्या लाकडी सांगाड्यावर आहे. दगडी जोत्यावर आडवी तुळई, तिच्यावर खांब आणि त्यांना जोडणारे तिरपे टेके अशी ही रचना असून मधली जागा मुळात कुडाने भरलेली होती. तिरपे टेके केवळ शोभेचे नाहीत. चौकोनी चौकट बाजूने ढकलली तर कलते, पण टेक्यामुळे कोपऱ्यात तयार होणारा त्रिकोण सहजासहजी आकार बदलत नाही.

त्या काळचे सुतार ओक ओला असतानाच कामाला घेत, कारण वाळल्यावर तो कमालीचा टणक होतो. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकली जाई. जिभेतले भोक मुद्दाम किंचित सरकवून पाडलेले असल्याने खुंटी आत जाताच सांधा आवळला जाई. पुढे लाकूड जागच्या जागी वाळते, परंतु ते सर्व दिशांनी सारखे आकसत नाही: लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच, वाढीच्या वलयांना समांतर सर्वाधिक. त्यामुळे खांब पिळवटतात. या सुतारांपैकी रिचर्ड डेल याने आपले नाव अंगणाकडील खिडक्यांवर कोरून ठेवले आहे. त्या 1559 सालच्या आहेत.

घराची खरी परीक्षा पाहिली ती सर्वांत वरच्या मजल्यावरील सुमारे 21 मीटर लांबीच्या दालनाने. ते बहुधा मागाहून सुचलेले असावे, आणि त्यावर छप्पर घातले तेही जड दगडी फरश्यांचे! सततच्या भाराखाली लाकूड अतिशय संथपणे, पण कायमचे वाकते. खालचे मजले तसेच वाकले. तरीही खुंट्यांचे सांधे थोडे हलू शकतात आणि भार शेजारच्या खांबांवर वाटला जातो, म्हणूनच घर कोसळले नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलादी सळया घालून सांगाड्याला बळकटी देण्यात आली आणि 1938 पासून घर नॅशनल ट्रस्ट या वारसा जतन करणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या ताब्यात आहे. तुळया सरळ करण्याचा विचार मात्र व्यर्थच, कारण वाळलेला ओक आता त्याच आकारात बसला आहे आणि बळजबरी केल्यास आधी सांधेच तुटतील.