परदेशातून आल्यावर ताप आणि बरळणं: तपासणीआधी हे वाचा

सोलापूरचा टॉवेल जिथं जातो तिथं आता आपली माणसंही जातात. कुणी ऑर्डरसाठी आफ्रिकेत, कुणी नोकरीला आखातात, कुणी हजला. परत आल्यावर अंग फणफणलं की घरचे म्हणतात, "हवापाणी बदललं, उतरेल." आफ्रिकेतून आलेल्याचा ताप असा अंगावर काढू नका. त्यात माणूस बरळू लागला, झटका आला किंवा मान ताठ झाली, तर आमच्या लॅबच्या काउंटरवर रांग न लावता थेट सिव्हिल किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा.

आमच्याकडे येणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), विडाल (टायफॉइडची तपासणी), डेंग्यू एवढंच असतं. प्रवासाचा उल्लेखच नसतो, आणि आम्हाला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. पासपोर्टवरचे शिक्के बघून देश आणि तारखा कागदावर लिहून आणा. फाल्सिपेरम हा मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार. तो साधारणपणे डास चावल्यावर ७ ते ३० दिवसांत डोकं वर काढतो, प्रतिबंधक गोळ्या घेतल्या असतील तर आणखी उशिरा. तो मेंदूत गेला तर काही तासांत जीवावर बेततं.

त्यासाठी काचपट्टीवर रक्त घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पहिली पट्टी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका. जंतू असलेल्या लाल पेशी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसतात, त्यामुळे बोटातल्या रक्तात त्या कमी दिसतात. १२ ते २४ तासांच्या अंतरानं अशा तीन पट्ट्या बघाव्या लागतात.

परदेशात कुत्रं चावलं असेल तर कुठल्याही रिपोर्टची वाट बघू नका, त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. जुलाबानंतर पायांपासून वर चढत जाणारी अशक्तता आली तर तीही डॉक्टरांना लगेच सांगा.

मेंदूज्वराची शंका आली की डॉक्टर पाठीतलं पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव) सुईनं काढायला सांगतात आणि घरात रडारड होते. "लकवा होईल" ही भीती आम्ही रोज ऐकतो. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो आणि सुई त्याच्या खाली घालतात. नंतर काहींचं डोकं दोन-चार दिवस दुखतं. पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेशी ताडून बघायची असते, म्हणून त्याच वेळी रक्तही द्यावं लागतं. ते बिल वाढवायला नाही. पाठीतल्या पाण्याच्या बाटल्या तासाभरात आमच्याकडे पोचवा, वाटेत बर्फात किंवा फ्रीजमध्ये ठेवू नका.