रुग्णशय्येजवळील संगणक वर्कस्टेशन : निवड

रुग्णाच्या खाटेपाशीच नोंदी करणे, औषध देण्यापूर्वी पडताळणी करणे आणि तपासण्यांचे अहवाल पाहणे यांसाठी रुग्णालयात वापरली जाणारी संगणकव्यवस्था. चाकांच्या ट्रॉलीवरचा संगणक, भिंतीवर किंवा छतातून आलेल्या हातावर बसवलेला संगणक, टॅब्लेट आणि स्कॅनर असलेले हातात मावणारे उपकरण हे तिचे नेहमीचे प्रकार. संगणक म्हणून यात फारसे विशेष काही नसते. नोंदींचे सॉफ्टवेअर चालवायला मध्यम प्रतीचा प्रोसेसर पुरतो. निवड फसते ती बहुधा बॅटरी, चाके, पुसण्याजोगा पृष्ठभाग आणि लॉगिनला लागणारा वेळ यांच्यापाशी. निविदेच्या तपशिलात मात्र प्रोसेसर आणि मेमरी सर्वांत वर असतात.

नर्सिंग स्टेशनवर संगणक असताना खाटेपाशी दुसरा कशाला, याचे उत्तर औषध देण्याच्या कामात सापडते. रक्तदाब किंवा तापमान चिठ्ठीवर टिपून नंतर संगणकात भरले तर दुबार लिखाणात चूक शिरू शकते. औषधाची खात्री तर ते देण्याआधी, रुग्णासमोरच करून घ्यावी लागते. मनगटपट्टीवरचा आणि औषधावरचा बारकोड ताडून पाहण्याची पद्धत अमेरिकेतील माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत १९९० च्या दशकात रुजली. कॅन्ससमधील टोपेका येथील परिचारिका स्यू किनिक यांना ती सुचली भाड्याची मोटार परत करताना, तिथल्या कर्मचाऱ्याच्या हातातले बारकोड वाचणारे यंत्र पाहून. बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयातील २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पद्धतीमुळे औषध देण्यातील चुका (वेळेच्या चुका वगळून) ११.५ टक्क्यांऐवजी ६.८ टक्के आढळल्या.

हा लाभ यंत्र खाटेपर्यंत पोहोचले तरच मिळतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉस कॉपेल आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत परिचारिका या पद्धतीला बगल कशी देतात याचे १५ प्रकार आणि त्यामागची ३१ कारणे नोंदवली आहेत. रुग्णाच्या बारकोडची जादा प्रत ट्रॉलीवर किंवा दाराच्या चौकटीवर चिकटवून ठेवणे, अनेक रुग्णांची औषधे आधीच स्कॅन करून एकत्र नेणे हे त्यांतले काही प्रकार. संपलेली बॅटरी, तुटणारे वायरलेस जाळे, चुरगळलेली मनगटपट्टी, न चालणारा स्कॅनर ही काही कारणे. यात आळसापेक्षा अडचण जास्त दिसते आणि अडचणींचा मोठा भाग खरेदीच्या वेळीच टाळता येण्यासारखा असतो. वर्कस्टेशन निवडणाऱ्याने ही यादी समोर ठेवूनच काम सुरू करावे.

ट्रॉलीच्या बाबतीत पहिला प्रश्न बॅटरीचा. एक पाळी ८ किंवा १२ तासांची असते आणि ट्रॉली पाळीनंतर विश्रांती घेत नाही, ती पुढच्या परिचारिकेच्या हाती जाते. बॅटरी ट्रॉलीतच बसवलेली असेल तर मधूनमधून प्लग लावावा लागतो. प्लग लावलेली ट्रॉली भिंतीपाशी अडकते आणि केबल ओढत नेल्याने सॉकेट तुटतात. बदलता येणारी बॅटरी असेल तर संगणक बंद न करता ती काढता-घालता आली पाहिजे, शिवाय चार्जर ठेवण्याची जागा आणि बॅटऱ्या चार्ज करून ठेवण्याची जबाबदारी आधीच ठरलेली हवी. जुन्या ट्रॉल्यांतील सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी स्वस्त, पण जड असते आणि खोलवर रिकामी होत राहिल्यास काहीशे चक्रांतच (एकदा भरून रिकामी होणे म्हणजे एक चक्र) थकते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी त्याच्या कित्येक पट चक्रे टिकते आणि इतर लिथियम प्रकारांपेक्षा उष्णतेला अधिक स्थिर असते. हा मुद्दा किरकोळ नव्हे : बॅटरीवर चालणाऱ्या वैद्यकीय ट्रॉल्यांना आग लागल्याच्या घटनांवरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली रुग्णालयांना सावधगिरीचे पत्र पाठवले होते. विक्रेत्याने सांगितलेले तास नव्या बॅटरीचे असतात. दोन वर्षांनंतर किती उरतील आणि बदली बॅटरी कितीला पडेल, हे लेखी घ्यावे.

विद्युतसुरक्षेचा नियम याहून स्पष्ट आहे. वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या आयईसी ६०६०१-१ या आंतरराष्ट्रीय मानकात रुग्णाभोवतीचे सुमारे १.५ मीटरचे क्षेत्र रुग्णपरिसर धरले जाते. उपकरणाला हात लागल्यास शरीरातून जाऊ शकणारा प्रवाह नेहमीच्या स्थितीत १०० मायक्रोअँपिअर आणि एखादा बिघाड झाल्यास ५०० मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त नसावा, असे हे मानक सांगते. कार्यालयीन संगणक ही मर्यादा पाळेलच असे नाही. त्याला रुग्णपरिसरात न्यायचेच असेल तर ट्रॉलीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे उपकरणाला मुख्य वीजपुरवठ्यापासून विलग ठेवणारा ट्रान्सफॉर्मर, बसवतात. धोका मुख्यतः प्लग लावलेला असताना, म्हणून चार्जिंग खाटेपासून दूर करावे. साधा एक्स्टेन्शन बोर्ड ट्रॉलीला बांधणे हा सर्रास दिसणारा आणि सर्वांत वाईट उपाय.

कीबोर्डवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू कोरड्या अवस्थेतही काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत जिवंत राहू शकतो आणि ट्रॉली तर एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे फिरत असते. म्हणून पृष्ठभाग सपाट, सांधे कमी, कीबोर्ड सीलबंद आणि संगणक शक्यतो पंखा नसलेला असावा; पंखा धूळ आत ओढतो आणि हवेबरोबर बाहेरही फेकतो. जाहिरातीतला ‘आयपी ६५’ हा धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून बचावाचा दर्जा अनेकदा फक्त समोरच्या पडद्याला लागू असतो, मागची बाजू उघडीच असते. रुग्णालयात प्रत्यक्ष वापरली जाणारी जंतुनाशके कोणती, ते विचारून त्यांची यादीच विक्रेत्याला द्यावी. अल्कोहोल आणि चतुर्थक अमोनियम संयुगे (जंतुनाशकांतला एक नेहमीचा घटक) यांनी काही प्लॅस्टिकना बारीक तडे जातात. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या अतिसार घडवणाऱ्या जीवाणूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, तिथे क्लोरीनयुक्त द्रावण लागते आणि तेही कीबोर्डने सोसायला हवे.

एका पाळीत लॉगिन कितीतरी वेळा करावे लागते. दर वेळी अर्धा मिनिट गेला तर परिचारिका खाते उघडेच ठेवते आणि पडद्यावरची माहिती नातेवाइकांनाही दिसते. ओळखपत्र टेकवून उघडणारे आणि आधीचे काम जिथल्या तिथे परत दाखवणारे लॉगिन यासाठीच घेतात. पडदा रात्री मंद करता यावा. क्ष-किरण किंवा स्कॅन त्यावर पाहता आले तरी निदानासाठी तो पडदा धरू नये. त्यासाठी वेगळे, प्रमाणित मॉनिटर असतात.

अतिदक्षता विभागात प्रत्येक खाटेला स्थिर संगणक परवडतो, कारण तिथे नोंदी सतत चालतात. विलगीकरण कक्षातही उपकरण आतच ठेवणे सोयीचे. टॅब्लेट हलके असते, पण दोन्ही हातांनी काम करताना ते ठेवायचे कुठे हा प्रश्न उरतो.

चाचणी वॉर्डातच, रात्रपाळीसह घ्यावी : दाराचा उंबरठा, लिफ्टची फट आणि खाट व भिंत यांमधली जागा ट्रॉली ओलांडते का, बसून व उभे राहून दोन्ही प्रकारे टंकन होते का, चाकांचा आवाज होतो का. ट्रॉली सहसा तिच्यावरच्या संगणकापेक्षा जास्त वर्षे टिकते. त्यामुळे पडदा ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतराच्या प्रमाणित वेसा छिद्रांवर (पडदे बसवण्याच्या ठरलेल्या मापाच्या छिद्रांवर) बसणारा घ्यावा, म्हणजे पुढे केवळ संगणक बदलून भागते.