ओट्याचा ग्रॅनाईट, पन्हाळ्याचा काळा दगड आणि खडकांचं कूळ शोधायची गोष्ट

मागच्या वर्षी घराचं काम काढलं तेव्हा किचनच्या ओट्यासाठी फरशीच्या दुकानात गेलो होतो. दुकानदारानं उभ्या लावलेल्या स्लॅबवर ओलं फडकं फिरवलं आणि तो लालसर दगड एकदम जिवंत झाल्यासारखा दिसला, गुलाबी फेल्डस्पार, मधे काचेसारखं करडं क्वार्ट्झ, आणि काळ्या अभ्रकाच्या बारीक चकत्या. म्हणाला, इलकलचा माल आहे. शेजारी काळा कुळकुळीत स्लॅब होता, त्यालाही दुकानात ग्रॅनाईटच म्हणतात, पण तसला काळा दगड बहुतेक वेळा डोलेराईट नाहीतर गॅब्रो असतो, म्हणजे आपल्या बेसाल्टचाच (लाव्हा गोठून झालेल्या काळ्या दगडाचाच) सावकाश थंड झालेला भाऊ.

आमच्या घराची जुनी भिंत काळ्या दगडाचीच आहे. अंबाबाईचं देऊळ त्याच दगडाचं, पन्हाळ्याचे बुरूज त्याचे, रंकाळासुद्धा मुळात दगडाची खाण होती असं म्हातारी माणसं सांगतात. म्हणजे एकाच घरात ६.६ कोटी वर्षांपूर्वीची लाव्हा भिंतीत आणि धारवाड पट्ट्यातला साधारण २५० कोटी वर्षांचा ग्रॅनाईट ओट्यावर. हे आकडे आज आपण सहज बोलून जातो, पण ते मिळवायला माणसांनी किती वर्षं घालवली ते बघितलं की माझा तर जीव भरून येतो, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात वयापासून नाही, भांडणापासून झाली. अठराव्या शतकात वेर्नर नावाचा जर्मन भूशास्त्रज्ञ आणि त्याच्या शिष्यांचं म्हणणं होतं की ग्रॅनाईट समुद्राच्या पाण्यातनं साक्यासारखा खाली बसला. १७८५ साली जेम्स हटन हा भूशास्त्रज्ञ स्कॉटलंडमधल्या ग्लेन टिल्ट नावाच्या दरीत गेला आणि तिथं त्याला लाल ग्रॅनाईटच्या शिरा काळपट खडकात घुसलेल्या दिसल्या. शीर घुसायची तर आधी घुसायला खडक पाहिजे आणि ग्रॅनाईट पातळ पाहिजे, म्हणजे तो वितळलेला होता. पण तेवढ्यानं मिटलं नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एका बाजूला बोवेन म्हणत होता की मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, थंड होता होता ग्रॅनाईट तयार होतो, दुसऱ्या बाजूला एच. एच. रीडसारखे लोक म्हणत होते की जुने गाळाचे खडक खोलवर तापून जागच्या जागीच ग्रॅनाईट होतात. १९५८ ला टटल आणि बोवेन यांनी प्रयोगशाळेत दाबाखाली, पाण्यासकट खडकाची पावडर वितळवून दाखवलं की सगळ्यात आधी जो रस सुटतो त्याचं मिश्रण खऱ्या ग्रॅनाईटशी जुळतं. मॅग्मावाल्यांचं पारडं जड झालं खरं, पण रस सुटला कशातनं हा प्रश्न राहिलाच, आणि नुसता डोळ्यांनी दगड बघून तो सुटणारा नव्हता.

तिकडं खडकांचं वय मोजायच्या घड्याळाचं काम वेगळंच चाललं होतं. १८९६ ला बेकरेलला युरेनियमचे किरण सापडले, १९०२ च्या सुमारास रदरफोर्ड आणि सॉडी यांनी सांगितलं की एक मूलद्रव्य मोडून दुसरं होतं, बोल्टवुडनं १९०७ ला युरेनियम आणि ते मोडून होणारं शिसं यांच्या प्रमाणावरनं वयं काढली आणि १९११ ला आर्थर होम्स नावाच्या अगदी तरुण पोरानं नॉर्वेतल्या एका खडकाचं वय ३७ कोटी वर्षं काढलं. गंमत बघा, तेव्हा आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) हा शब्दसुद्धा नव्हता, तो सॉडीनं १९१३ ला वापरला. म्हणजे होम्सला सगळं शिसं एकच समजून हिशोब करावा लागला!

शिशाचे आयसोटोप नीट वेगळे मोजायला आल्फ्रेड निअरच्या मास स्पेक्ट्रोमीटरची (अणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राची) वाट बघावी लागली, ते १९३० च्या दशकाच्या शेवटी जमलं. आणि मग क्लेअर पॅटरसन. या माणसाचं काम मला सगळ्यात जवळचं वाटतं. उल्केतलं शिसं मोजायला बसला तर दर वेळी आकडा वेगळा, कारण हवेत शिसं, भांड्यात शिसं, ॲसिडमध्ये शिसं, अंगावरच्या कपड्यात शिसं. मग त्यानं सोवळ्यात स्वयंपाक करावा तशी प्रयोगशाळाच स्वच्छ करून घेतली, फिल्टरची हवा, धुतलेली भांडी, पुन्हा धुतलेली भांडी, आणि १९५६ ला पृथ्वीचं वय छापलं, ४५५ कोटी वर्षं. ते आजही टिकून आहे. पुढं हाच माणूस पेट्रोलमधल्या शिशाच्या विरोधात उभा राहिला, कारण ते शिसं हवेत किती पसरलंय ते त्यालाच सगळ्यात आधी दिसलं होतं.

ग्रॅनाईटचं कूळ मात्र उलगडलं स्ट्रॉन्शियमनं. आपल्याकडं म्हणतात नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, पण दगडाचं विचारता येतं. गोल्डश्मिटनं १९३७ च्या आसपास नियम मांडला होता की अणूचा आकार आणि भार जुळला तर तो दुसऱ्याच्या जागेवर बसतो. रुबिडियम पोटॅशियमच्या जागी बसतो, म्हणजे अभ्रकात आणि गुलाबी फेल्डस्पारमध्ये, स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या जागी. रुबिडियम ८७ मोडून स्ट्रॉन्शियम ८७ होतो, निम्मा मोडायला जवळजवळ ४,९०० कोटी वर्षं लागतात. त्यामुळं ज्या जुन्या खडकात पोटॅशियम भरपूर त्यात स्ट्रॉन्शियम ८७ चं ८६ शी प्रमाण हळूहळू चढत जातं, आणि खाली मॅन्टलमध्ये, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थरात, रुबिडियम फार नसल्यानं ते ०.७०३-०.७०४ च्या आसपासच रेंगाळतं. १९६१ ला निकोलायसेननं एका सरळ रेषेवर सगळे नमुने मांडून वय आणि सुरुवातीचं प्रमाण दोन्ही काढायची पद्धत दिली. पुढच्याच वर्षी हर्ली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बऱ्याच ग्रॅनाईटमध्ये हे सुरुवातीचं प्रमाण कमी आहे, म्हणजे ते सगळेच काही जुन्या कवचाला पुन्हा वितळवून झालेले नाहीत. आणि १९७४ ला ऑस्ट्रेलियात चॅपेल आणि व्हाईट यांनी शेजारी शेजारी असलेले दोन प्रकारचे ग्रॅनाईट वेगळे केले, एकाची आई अग्निज खडक, दुसऱ्याची गाळाचा खडक. रीड आणि बोवेन दोघांच्याही वाट्याला थोडं थोडं खरं आलं असं मला वाटतं.

ट्रेस एलिमेंट म्हणजे दहा लाखात काही भाग एवढीच असणारी मूलद्रव्यं, पण खडक कुठल्या खनिजाच्या संगतीत वितळला ते तीच सांगतात. १९६२-६३ ला मसुदा आणि कोरियल यांनी रेअर अर्थ मूलद्रव्यांचे (एकसारख्या स्वभावाच्या मूलद्रव्यांच्या एका गटाचे) आकडे उल्केतल्या आकड्यांनी भागले आणि आलेखातली वेडीवाकडी रेघ एकदम गुळगुळीत झाली. त्या रेघेत त्यातल्याच युरोपियमपाशी खड्डा पडला की समजायचं प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारनं ते आधीच उचललंय. आणि रेघेचा शेवट खाली गेला की गार्नेट या खनिजानं जड रेअर अर्थ खाली धरून ठेवलीत, म्हणजे रस खूप खोलवर सुटला.

आता इथं आपली गोष्ट येते. कर्नाटकातला जुना पट्टेदार खडक, ज्याला १९१६ च्या सुमारास स्मीथनं पेनिन्सुलर नाईस हे नाव दिलं, त्याच्या बऱ्याच भागात असाच गार्नेटचा ठसा दिसतो. म्हणजे त्याची आई बेसाल्टच, पाणी मुरलेला, खोल गेलेला, तिथं वितळलेला बेसाल्ट. गोरूरजवळच्या नाईसचं वय १९८० ला सुमारे ३३० कोटी वर्षं निघालं. पण नाईस पुन्हा पुन्हा तापलेला असतो आणि तापला की रुबिडियमचं घड्याळ शून्यावर येऊ शकतं, मग मिळतं ते जन्माचं वय का तापल्याचं, सांगणं कठीण. इथं झिरकॉन कामाला आला. हा वाळूच्या कणाएवढा स्फटिक युरेनियम घेतो पण शिसं घेत नाही, आणि नंतर तापला तर जुन्या गाभ्यावर कांद्यासारखा नवा पापुद्रा चढतो. वेदरिलनं १९५६ ला युरेनियमची (त्याच्या दोन आयसोटोपची) दोन घड्याळं एकमेकांवर ताडून बघायचा आलेख दिला, आणि १९८० पासून कॅनबेऱ्यात कॉम्प्स्टनच्या श्रिम्प मशीननं, म्हणजे स्फटिकाचा बारीकसा ठिपका तेवढाच मोजणाऱ्या यंत्रानं, गाभा आणि पापुद्रा वेगवेगळे मोजता यायला लागले. खडक कुटायचा, जड द्रवात टाकायचा, खाली बसलेल्यातनं मायक्रोस्कोपखाली सुईनं एकेक दाणा वेचायचा. तांदळातले खडे निवडणारी आई आठवते मला.

आणि पन्हाळा? दख्खनच्या लाव्हाचे थर नुसते बघून वेगळे करता येत नाहीत, सगळे काळेच. १९८० च्या दशकात ते ट्रेस एलिमेंट आणि स्ट्रॉन्शियमच्या प्रमाणावर वेगळे केले गेले आणि त्यांना नावं दिली, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा, देसूर. थर दक्षिणेकडं हळूच कलतात, म्हणून वरचे थर आपल्या बाजूला बघायला मिळतात. आंबेनळीचं प्रमाण ०.७०४ च्या आसपास, अगदी स्वच्छ, पण बुशेचं ०.७१३ च्या वर. ती लाव्हा वर येताना वाटेतल्या जुन्या ग्रॅनाईटी कवचाला वितळवून पोटात घेऊन आली, हे या आकड्यांनीच सांगितलं.

तो जुना खडक खाली आहे हे नंतर हातानं बघायला मिळालं. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप का झाला हे समजून घेण्यासाठी अलीकडं तिथं खोल ड्रिलिंग झालं. रासाटीच्या बोअरमध्ये ९३२ मीटर बेसाल्ट संपल्यावर करडा-गुलाबी ग्रॅनाईट नाईस लागला, आणि त्यातल्या झिरकॉननं वय सांगितलं सुमारे २७० कोटी वर्षं.