नैराश्य : मेंदूलहरी आणि बोधनक्षमता

नैराश्यात मनाची उमेद जाते, तशी बुद्धीची धारही बोथट होते. वाचलेले पान पुन्हा वाचावे लागते, साध्या निर्णयाशी मन अडून बसते, बोलताना शब्द सापडत नाही. लक्ष, स्मरण, विचार, नियोजन या क्षमतांना मिळून बोधन म्हणतात. त्यातली ही घट घरच्यांना, कधी खुद्द रुग्णालाही, आळस वाटते. तो आळस नव्हे. एकाग्रता उणावणे हे नैराश्याच्या निदानाच्या निकषांतच मोडते.

घट कोठे आहे ते चाचण्यांतून कळते. आकड्यांना ठरलेली चिन्हे भराभर जोडणे, शब्दाचा अर्थ बाजूला ठेवून त्याच्या शाईचा रंग सांगणे, अशा कामांत विचाराचा वेग, कार्यस्मृती (हातातल्या कामापुरती माहिती मनात धरून ठेवणे) आणि स्वतःला आवरण्याची क्षमता कमी पडलेली दिसते. आठवणींचे तर वेगळेच होते. एखादा आनंदाचा प्रसंग सांगा म्हटले, की रुग्ण नेमका दिवस न सांगता ‘सुट्टीत बरे वाटायचे’ असे मोघम उत्तर देतो. उदासी ओसरल्यावरही यातले काही दोष मागे राहतात. बरे झालेल्या माणसाला कामावर परतणे जड जाते, त्यामागे हेही एक कारण असते.

मेंदूलहरींची माणसातील पहिली नोंद मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये जर्मनीतील येना येथे केली आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडांतून व्होल्टच्या काही दशलक्षांशांइतके क्षीण चढउतार टिपले जातात. या नोंदीलाच ईईजी म्हणतात. ४ हर्ट्‌झखालच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदातील आवर्तने) लहरी डेल्टा, ४ ते ८ थीटा, ८ ते १३ अल्फा, १३ ते ३० बीटा आणि त्यापुढच्या गॅमा. डोळे मिटून स्वस्थ बसले, की डोक्याच्या मागच्या बाजूला अल्फा ठळक होतात आणि डोळे उघडताच दबतात. म्हणून जेथे अल्फा जास्त, तो भाग त्या वेळी कमी कामात आहे, असा ढोबळ अर्थ लावतात.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड डेव्हिडसन यांच्या गाजलेल्या मांडणीचा पाया हाच. कपाळामागच्या डाव्या भागात अल्फा उजव्यापेक्षा जास्त, म्हणजे पुढाकार आणि ओढ यांच्याशी जोडलेला डावा भाग सुस्त, असे नैराश्याचे चित्र त्यांच्या गटाने १९९० च्या दशकात पुढे आणले. कल्पना देखणी होती, पण पुढच्या अभ्यासांत निकाल एकसारखे आले नाहीत. केवळ या असमतोलावरून निदान करता येत नाही.

बोधनाशी जास्त जवळचा दुवा पी३०० या लहरीचा आहे, कारण ती माणूस काही काम करत असताना मोजतात. एकसारख्या आवाजांच्या मालिकेत मधूनच वेगळा आवाज आला, की सुमारे ३०० मिलिसेकंदांनी एक धन (पॉझिटिव्ह) लहर उमटते. नैराश्यात ती बहुधा ठेंगणी असते, काहींत उशिरा येते. स्किझोफ्रेनिया आणि स्मृतिभ्रंशातही ती खुजी होत असल्याने ती एकट्या नैराश्याची खूण नव्हे. थीटाचे कोडे आणखी निराळे. मेंदूच्या मध्यरेषेजवळील अग्र सिंग्युलेट भागात विश्रांतीच्या वेळी ज्यांच्या थीटा जास्त, त्यांना उपचारांचा गुण जास्त येतो, असे संशोधक डिएगो पिझागली यांच्या गटाला २००१ मध्ये आढळले. थीटासारखी संथ लहर म्हणजे बिघाड, असे सरळ समीकरण त्यामुळे टिकत नाही.

आलेख वाचताना औषधेही विचारात घ्यावी लागतात. बेंझोडायझेपीन या शामक गटातल्या गोळ्यांनी बीटा वाढतात, तर विद्युत उपचारांनंतर (मेंदूला विजेचा नियंत्रित झटका देणे) काही काळ संथ लहरी दिसतात.

वृद्धांमध्ये नैराश्यामुळे आलेला विसराळूपणा हुबेहूब स्मृतिभ्रंशासारखा दिसू शकतो. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारात मेंदूची मूळ लय (डोळे मिटल्यावर मागच्या बाजूला दिसणारी अल्फा लय) हळूहळू संथ होते, नैराश्यात ती बहुधा वयाला साजेशी राहते. फरक ओळखायला ईईजीची मदत होते ती इथे. सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये मात्र आलेख निर्दोषही असू शकतो. शिवाय नैराश्यातून सावरलेल्या अशा काही वृद्धांना पुढे खरोखरच स्मृतिभ्रंश होतो, म्हणून उदासी गेल्यावरही त्यांची स्मृती अधूनमधून तपासत राहतात.